वेदीमागची नक्षी, सीएनसी राउटर आणि माणूस

तुमचा प्रश्न वाचला. तुम्ही गोव्यातल्या डिचोलीत सीएनसी राउटरवर, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या कोरीव यंत्रावर, लाकडी नक्षीकाम करता. जवळच्या गावातल्या कपेलाच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, समितीनं तुम्हाला वेदीमागची कोरीव चौकट, म्हणजे इकडच्या बोलीतला रेताब्लो, करायला सांगितला आहे. समितीतले एक वयस्क गृहस्थ म्हणतात, मशीननं कोरलेलं देवाला चालत नाही. त्याच समितीतल्या मुलांनी मात्र देवदूतांचे चेहरे आणि सायबिणीचं, म्हणजे येशूच्या आईचं, मारियेचं, चित्र एआयकडून काढून तुम्हाला पाठवलं आहे. ख्रिस्ती धर्म याकडे कसं पाहतो, तुम्ही हिंदू असल्यानं काही अडचण आहे का, आणि सुंदर गोष्टीही यंत्रच करणार असतील तर माणसाचं असं काय उरतं, असं तुम्ही विचारलं आहे. मी वसईची कॅथलिक. गोव्यातल्या इगर्जींमधल्या, म्हणजे चर्चमधल्या, जुन्या लाकडी कामाची आणि मूर्तींची जतन-दुरुस्ती करण्यात माझा कामाचा सगळा काळ गेला, तेव्हा त्या बाजूनं लिहिते.

आधी सरळ उत्तर. यंत्रानं कोरलेलं लाकूड वेदीला चालत नाही असा कॅथलिक चर्चचा नियम नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६३ मध्ये उपासनेविषयी जो दस्तऐवज काढला त्यात पवित्र कलेकडून भपक्यापेक्षा उदात्त सौंदर्याची अपेक्षा केली आहे. ते कुठल्या अवजारानं साधायचं हे सांगितलेलं नाही. तुमच्या हिंदू असण्याचीही अडचण नाही. पण त्या वयस्क गृहस्थांचं म्हणणं मला फेकून द्यावंसं वाटत नाही. ते तुमच्या राउटरला कमी आणि मुलांच्या चित्रांना जास्त लागू पडतं.

बायबल या विषयावर एका सुरात बोलत नाही. बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात देव सांगतो, माझ्यासाठी दगडी वेदी बांधाल तर चिरे घडीव नकोत. त्यांना हत्यार लावलंत तर वेदी भ्रष्ट होईल. शलमोनाचं मंदिर उभं राहत असताना आवारात लोखंडी हत्याराचा आवाज ऐकू आला नाही, असंही एके ठिकाणी येतं. त्या गृहस्थांना हे माहीत असो वा नसो, त्यांची शंका इतकी जुनी आहे. आणि त्याच निर्गमात, अकरा अध्याय पुढे, बसालेल भेटतो. देवानं आपल्या आत्म्यानं ज्याला भरलं असं बायबल पहिल्यांदा ज्याच्याबद्दल म्हणतं, तो राजा नाही, संदेष्टा नाही, याजकही नाही. तो सोन्यारुप्यात आणि पितळेत काम करणारा, रत्नं पाडून जडवणारा, लाकूड कोरणारा कारागीर आहे. माझ्या धंद्यातल्या माणसाला हा उतारा वाचताना ऊर भरून येतो, हे लपवत नाही.

पण खरी गोष्ट त्याच्या पुढच्या अध्यायात आहे, बत्तिसाव्यात. मोशे डोंगरावर असताना लोक त्याच्या भावाकडे, अहरोनाकडे, देव मागतात. तो त्यांच्या कानांतली कुंडलं घेतो आणि कोरणीनं घडवून सोन्याचं वासरू करतो. मोशे खाली येऊन जाब विचारतो तेव्हा अहरोन म्हणतो, लोकांनी सोनं दिलं, मी ते विस्तवात टाकलं आणि हे वासरू बाहेर आलं! चौथ्या ओवीत हातात कोरणी आहे आणि चोविसाव्यात ती गायब झाली आहे. बसालेल आणि अहरोन यांच्याकडचं सोनं एकाच लोकांचं, कसबही थोडंफार एकाच जातीचं. फरक इतकाच की अहरोन आपल्या कामासमोर उभा राहायला तयार नाही. तंत्रज्ञानाबद्दल ख्रिस्ती परंपरेत पुढे जे जे म्हटलं गेलं, त्यातलं मला पटणारं बहुतेक सगळं या दोन अध्यायांच्या मधल्या फटीत बसतं. वस्तू हातानं केली की मशीननं, हा प्रश्न मागाहून येतो. ‘हे कोणी केलं?’ असं विचारल्यावर ‘मी’ म्हणणारं कोणी आहे का, हा प्रश्न आधी. उत्पत्तीत देव आदामाला पहिला प्रश्न विचारतो तोही ‘तू कुठे आहेस?’ हाच. ज्याला विचारता येतं आणि ज्याला उत्तर द्यावं लागतं, असा प्राणी म्हणजे माणूस.

आता लाकडाकडे येते, कारण हे सगळं तिथे दिसतं.

जुना रेताब्लो दुरुस्तीला उतरवला की आम्ही आधी त्याची मागची बाजू बघतो. पुढे सोन्याचा वर्ख असतो, मागे वाकसाचे घाव, सुतारानं मारलेल्या खुणा, कुठे दुसऱ्याच कामातून उरलेला तुकडा जोडलेला. तिथे माणूस स्पष्ट दिसतो. पण त्यावरून ‘हाताच्या चुका म्हणजेच सौंदर्य’ असं जे हल्ली बोललं जातं ते मला मान्य नाही. त्या कारागिरांना चूक नको होती. डावीकडचं पान उजवीकडच्या पानासारखं व्हावं म्हणून ते जिवापाड धडपडत होते. आणि चूकच हवी असेल तर तुमचं सॉफ्टवेअरही प्रत्येक पानात थोडी वाकडी रेघ घालून देईल. तो मुद्दा टिकत नाही.

टिकतो तो दुसरा मुद्दा, आणि तुम्हाला तो लगेच कळेल. तुमचा राउटर तीन अक्षांचा असेल तर बिट, म्हणजे कोरणारं पातं, फक्त वरून उतरतो; पानाच्या पोटाखाली त्याला शिरता येत नाही. गोव्यातल्या सतराव्या-अठराव्या शतकातल्या वेद्यांवरची वळलेली पानं, द्राक्षवेली, देवदूतांचे पंख हे सगळं पोटाखालून पोखरून काढलेलं आहे. कारण ते मेणबत्तीच्या उजेडासाठी केलं होतं. ज्योत हलते, पोखरलेल्या जागेतली सावली हलते आणि सोनं पुढे येतं. वरून कोरलेलं काम त्या उजेडात साच्यातून काढलेल्या बिस्किटासारखं सपाट दिसतं. शिवाय कारागीर लाकडाच्या रेषा बघून पान कुठल्या दिशेला वळवायचं ते ठरवत असे. रेषा आडवी गेली की पानाचं टोक पुढच्या काही वर्षांत तुटतं. फाइलला रेषा कळत नाहीत. तुम्हाला कळतात. फळी टेबलावर कशी ठेवायची हे तुम्ही ठरवता, आणि त्या क्षणी तुम्ही बसालेलाच्या रांगेत असता.

दुसरं एक उदाहरण मला नेहमी छळतं. भाविक लोक प्रेमानं, फेस्ताच्या म्हणजे चर्चच्या सणाच्या आधी, जुन्या वर्खावर डब्यातला सोनेरी रंग मारतात. त्या रंगात पितळेची किंवा तत्सम धातूची पूड असते. समुद्राकाठच्या दमट हवेत ती काही वर्षांत काळवंडते. खाली खरं सोनं तसंच झळझळीत असतं, कारण सोन्याला हवा लागत नाही. पण खडूचा अस्तर, त्यावर लाल मातीचा लेप, त्यावर वर्ख आणि मग अकीकाच्या दगडानं घोटाई, या सगळ्याला लागणारा वेळ कोणाकडे नाही. आपण तंत्राला दोष देतो, पण रंगाच्या डब्याचा काही दोष नव्हता. घाईनं ते केलं. सौंदर्य आणि वेळ यांचं नातं ख्रिस्ती उपासनेत फार खोल आहे. अर्पण म्हणजे आपल्याकडचं काहीतरी खरोखर कमी होणं, आणि सध्या सगळ्यात महाग असतो तो वेळ.

तुमच्या हिंदू असण्याबद्दल. सोळाव्या शतकात गोव्यातल्या चर्चच्या प्रांतिक सभांनी हिंदू कारागिरांकडून ख्रिस्ती मूर्ती करून घ्यायला मनाई केली होती. मनाई करावी लागली म्हणजे ते काम चालू होतं, आणि नंतरही थांबलं नाही. जुन्या इगर्जींतले पुल्पितो, म्हणजे प्रवचनाचे उंच मंच, बघा, त्यांना खालून तोलून धरणाऱ्या आकृती अनेकदा नागिणी आहेत. त्या लिस्बनहून आलेल्या नाहीत. हे सांगताना मी हेही विसरत नाही की त्याच शतकात इथली देवळं पाडली गेली, १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं, आणि त्या वेद्यांपैकी काही त्याच सत्तेच्या पैशावर उभ्या राहिल्या. म्हणून ‘सुंदर आहे म्हणजे चांगलं आहे’ असं मी कधी म्हणत नाही. ख्रिस्ती श्रद्धेनं तर तसं मुळीच म्हणू नये. मध्ययुगातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस सौंदर्याच्या तीन खुणा सांगतो, पूर्णता, प्रमाण आणि तेज. तुमचं मशीन पहिल्या दोन सहज साधेल. पण बायबलातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, त्रेपन्नाव्या अध्यायात, ज्याच्याबद्दल लिहिलं आहे की त्याला रूप नव्हतं, शोभा नव्हती, आम्हाला तो हवासा वाटावा असं त्याच्यात काही नव्हतं, त्याच्यातच चर्चनं येशू पाहिला. आमच्या प्रत्येक वेदीच्या मध्यभागी एक मोडलेलं शरीर आहे. भोवती कितीही सोनं लावा, ते शरीर त्या सोन्याला प्रश्न विचारत राहतं.

सगळे ख्रिस्ती इथे एका मताचे नाहीत, हेही तुम्हाला माहीत असावं. सन ७८७ च्या निकेया परिषदेनं ठरवलं की प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेत दाखवलेल्या व्यक्तीपर्यंत पोचतो. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स त्यावर उभे आहेत. प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनच्या अनुयायांनी प्रतिमाच काढून टाकल्या, पण रोजच्या प्रामाणिक धंद्याला त्यांनी देवाच्या बोलावण्याचा दर्जा दिला. महाराष्ट्रातल्या प्रोटेस्टंटांनी आपलं सौंदर्य शब्दांत आणि सुरांत ओतलं, ना. वा. टिळकांची भजनं म्हणजे त्यांची वेदीच. एखादा प्रोटेस्टंट तुम्हाला म्हणेल, रेताब्लोची चिंता सोडा, कारखान्यातल्या पोरांना पगार वेळेवर देता का ते सांगा. तो चुकीचं बोलणार नाही.

यंत्राची भीती बाळगायला गोव्याच्या चर्चकडे कारणही नाही. भारतातला पहिला छापखाना इथे आला, १५५६ मध्ये. तो जाणार होता अबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, इथे सेंट पॉल कॉलेजात राहून गेला. मराठी वाचकाला त्यापुढची गोष्ट जास्त जवळची आहे. इंग्लंडहून आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओव्यांमध्ये क्रिस्तपुराण रचलं आणि ते १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं. देवनागरी खिळे नव्हते, म्हणून मराठी ओव्या रोमन लिपीत छापाव्या लागल्या. यंत्रानं पुस्तक शक्य केलं आणि त्याच यंत्राच्या मर्यादेनं लिपी हिरावली. त्या जुन्या छापील आवृत्त्यांची प्रत आज हाती लागत नाही. पुराण पुढे आलं ते लोकांनी हातानं उतरवून घेतलेल्या पोथ्यांमधून, त्यातल्या काही देवनागरीत. छापखाना वाईट होता असा याचा अर्थ मी काढत नाही. पण ज्यांना ते म्हणायचं होतं, गायचं होतं, त्यांनी ते टिकवलं.

आता एआयच्या चित्रांकडे. इथे माझं मत ठाम आहे.

मुलांनी पाठवलेली सायबीण गोरी, निळ्या डोळ्यांची, गुळगुळीत कातडीची असणार, असं मी न बघता सांगते. कारण ही यंत्रं आजवरच्या असंख्य चित्रांतून शिकतात आणि जे सगळ्यात जास्त वेळा काढलं गेलं त्याकडे झुकतात. शेजारी आंजेलो द फोन्सेका यांना ठेवा. सांतेस्तेव्ह बेटावर १९०२ मध्ये जन्मलेला हा चित्रकार शांतिनिकेतनला शिकला आणि त्यानं मारियेला साडी नेसवली, इथल्या बाईचा वर्ण दिला, इथल्या बाईसारखं बसवलं. गोव्यात ते पचलं नाही. त्यांचं बरंचसं आयुष्य पुण्यात, ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात गेलं. १९६७ मध्ये ते वारले. आज त्यांची चित्रं पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये आहेत आणि लोक मुद्दाम बघायला जातात. त्या साडीची किंमत एका माणसानं मोजली. यंत्रालाही ‘साडीतली मारिया दाखव’ असं सांगता येतं, समितीतली मुलं सांगतीलही. पण त्या चित्रासाठी गाव सोडावं लागेल असं यंत्राच्या बाबतीत काही नसतं. त्याला कोणासमोर उभं राहायचं नसतं. ते अहरोनाचं वासरू आहे: शब्द आत टाकले आणि हे बाहेर आलं.

आणि वेदीवरच्या प्रतिमेसमोर लोक रडतात हो. मुलाची परीक्षा, नवऱ्याची दारू, गल्फमधून न आलेला फोन, सगळं तिच्या पायाशी आणून ठेवतात. ज्यानं तो चेहरा काढला त्याला निदान दुःख म्हणजे काय हे ठाऊक असावं, एवढी अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

यातूनच तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे जाता येतं. आपण बराच काळ माणसाचं वेगळेपण त्याला काय काय येतं यावरून मोजलं. माणूस विचार करतो, बोलतो, चित्रं काढतो, म्हणून मोठा. आता यंत्रं हे करताना दिसू लागली आणि आपल्या पायाखालची जमीन हलली. पण ती मोजपट्टी मुळातच ख्रिस्ती नव्हती. उत्पत्तीत देव माणसाला आपल्या प्रतिरूपात घडवतो तेव्हा माणसानं अजून काहीच करून दाखवलेलं नाही. क्षमतेवर माणूसपण ठरवलं तर यंत्र आत येईल की नाही यावर आपण वाद घालत बसू, आणि तोवर आपली काही माणसं दारातून बाहेर ढकलली जातील: जन्मतः मतिमंद असलेलं बाळ, स्वतःचं नाव विसरलेली आजी, अर्धांगानं बोलणं गेलेला सुतार. मला एआयची काळजी वाटते ती यासाठी. ते आपल्याला मागे टाकेल या भीतीपायी आपण हुशारीलाच माणुसकी समजू लागू. व्हॅटिकननं २८ जानेवारी २०२५ रोजी कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मानवी बुद्धिमत्ता यांवर ‘अँटिक्वा एत नोव्हा’ नावाचा दस्तऐवज काढला. त्यात हेच सांगितलं आहे: माणसाची किंमत त्याच्या कौशल्यावर किंवा यशावर अवलंबून नाही, ती देवानं निर्मिलेलं असण्यात आहे; आणि मानवी बुद्धी शरीरात राहते, नात्यांत वाढते. शरीराचा मुद्दा आमच्यासाठी गौण नाही. शब्द देह झाला ही आमची श्रद्धा आहे, आणि तो देह नाझरेथच्या सुताराच्या घरात वाढला. मार्काच्या शुभवर्तमानात लोक येशूलाच ‘सुतार’ म्हणतात. देवानं माणूस होऊन बरीच वर्षं लाकूडकाम करण्यात घालवली, यावर मी कितीही विचार केला तरी तो पुरा होत नाही.

रोजगाराची बाजूही याच्याशी जोडलेली आहे. पोप लिओ तेराव्यांनी १८९१ मध्ये कारखान्यांतल्या कामगारांच्या हक्कांवर ‘रेरम नोव्हारम’ हे परिपत्रक काढलं. २०२५ च्या मे महिन्यात निवडून आलेल्या पोपनी लिओ चौदावे हे नाव घेतलं आणि त्यामागे तेच परिपत्रक आणि आजची कृत्रिम बुद्धिमत्ता असल्याचं सांगितलं. मधे १९८१ मध्ये जॉन पॉल दुसऱ्यांनी लिहिलं होतं की काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही. तुमच्या कारखान्यात याचा अर्थ एवढाच: मशीन आल्यावर हातानं कोरणारा माणूस घरी बसला, की त्याच्या हातून जास्त बारीक काम होऊ लागलं?

म्हणून तुम्हाला माझा सल्ला असा. काम घ्या. मोठे आकार, खांब, कंगोरे, पानांचा ढोबळ उठाव राउटरवर काढा, पण वरचे दोन-तीन मिलिमीटर लाकूड शिल्लक ठेवा. पानांची पोटं पोखरणं आणि शेवटचा पृष्ठभाग पटाशीनं करून घ्या. बॉल-नोज, म्हणजे गोल टोकाच्या, बिटच्या रेघोट्या सँडपेपरनं घासून बसू नका, त्यात कडा मरतात. हे काम येणारे कारागीर गोव्यात आणि सावंतवाडीकडे आहेत, त्यातला एखादा शोधा आणि शक्य असेल तर त्याच्या हाताखाली तुमच्या कारखान्यातला एक पोरगा ठेवा. डाउनलोड केलेली देवदूताची फाइल वापरू नका. चेहरे हातानंच होऊ देत, आणि गावातल्या कपेलात गावातल्या मुलांचे चेहरे आले तर कोणी हरकत घेणार नाही. सायबिणीचं चित्र एखाद्या जिवंत चित्रकाराला द्या. पैसे कमी असतील तर चित्र लहान करा. मुलांना दुखवू नका. त्यांनी मन लावलं आहे. त्यांना घेऊन पर्वरीला जा आणि जुन्या गोव्याला सांता मोनिका मठातल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात जा, मग पुन्हा बसा.

त्या वयस्क गृहस्थांना कारखान्यात बोलवा. मशीन चालू असताना नको, लाकूड निवडताना. त्यांना फळ्या दाखवा, विचारा. वेदीच्या मागे, जिथे कोणाला दिसणार नाही तिथे, काम करणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि साल कोरा. राउटर चालवणाऱ्या पोराचंही.

बाकी धंद्यातलं. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, अजिबात नको. गोव्याच्या एका पावसाळ्यात कडा फुगतात. पक्कं वाळलेलं सागवान घ्या, फणसही चालेल. वर्ख परवडत नसेल तर लाकूड तेलपॉलिशवर तसंच ठेवा, सोनेरी रंग मारू नका. चौकट पावसाळ्यात बसवू नका. चिऱ्याची भिंत ओल धरते, म्हणून भिंत आणि लाकूड यांच्यात हवा खेळायला जागा सोडा आणि मागची एक फळी स्क्रूवर ठेवा, म्हणजे वाळवी लागली का हे दर वर्षी उघडून बघता येईल. आणि रेखाटन अंतिम करण्याआधी विगार फादरांच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या मुख्य धर्मगुरूंच्या, मार्फत धर्मप्रांताची संमती घ्या. तोंडी नको, लेखी.